अंधेरीतील आरटीएमएस केंद्र: सेवा चांगली, पण किंडलिंगचे उत्तर मागून घ्यावे लागते

अंधेरी पूर्वेला मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावरील एका खासगी मानसोपचार केंद्रात माझ्या भाच्याने यंदा नैराश्यावर आरटीएमएसचा, म्हणजे डोक्यावर ठेवलेल्या कॉइलमधून मेंदूला वारंवार चुंबकीय स्पंद देण्याच्या उपचाराचा, संपूर्ण कोर्स घेतला. त्याच्या संमतीने हे परीक्षण लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे केंद्राचे आणि तेथील डॉक्टरांचे नाव देत नाही. मुंबईत ही सेवा आता अनेक ठिकाणी मिळते, आणि येथे लावलेल्या कसोट्या त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी लावून पाहता येतील. या केंद्राविषयीच्या ऑनलाइन अभिप्रायांत स्वच्छता, वातानुकूलन, पार्किंगची गैरसोय आणि स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांचे सौजन्य यांबद्दल पुष्कळ वाचायला मिळते. मात्र रुग्णाच्या घरातील माणसे जो प्रश्न हमखास विचारतात, त्याविषयी एक ओळही नाही.

तो प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे रुग्णाच्या आईने, पैसे भरण्याच्या खिडकीपाशीच विचारला. रोज मेंदूला असे यंत्र लावल्यावर याला पुढे फिट्स यायला लागणार नाहीत ना, असे तिचे म्हणणे होते. खिडकीतून उत्तर आले, "काही होत नाही मॅडम, एकदम सेफ आहे." केंद्राच्या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत खटकलेली गोष्ट हीच. ताईची शंका अडाणीपणाची नव्हती. वारंवार दिलेल्या सौम्य उत्तेजनाने मेंदूत फिट येण्याची कायमची प्रवृत्ती निर्माण होऊ शकते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. त्याला किंडलिंग म्हणतात, आणि औषधशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे हा विषय मी वर्गात अनेकदा मांडलेला आहे. मेंदूला वारंवार उत्तेजन देणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर कोणी विचारण्याआधी तयार ठेवायला हवे. या केंद्रात ते उत्तर होते, चांगले होते, परंतु ते केवळ डॉक्टरांच्या खोलीत होते आणि तेही आम्ही आग्रह धरल्यावर मिळाले.

डॉक्टरांनी आम्हाला दिलेला वेळ मुंबईतील खासगी प्रॅक्टिसच्या मानाने उदार होता. त्यांनी प्रश्न टाळला नाही, हसण्यावारी नेला नाही आणि "नेटवर वाचू नका" असेही म्हटले नाही. कोऱ्या कागदावर मेंदूचा उभा छेद काढून त्यांनी गोडार्ड यांच्या उंदरांपासून सुरुवात केली. त्यांनी सांगितलेले आणि त्यांच्या सांगण्यात राहून गेलेले असे दोन्ही मी येथे एकत्र मांडतो, कारण सेवेचे मोल ठरवताना त्याचाच आधार घ्यावा लागतो.

कॅनडातील ग्रॅहम गोडार्ड हे १९६०च्या दशकात उंदरांच्या शिकण्याच्या क्षमतेवर काम करत होते. मेंदूच्या अमिग्डाला या भागात बारीक इलेक्ट्रोड बसवून ते उंदरांना दररोज अल्पकाळ सौम्य विद्युत उत्तेजन देत असत. सुरुवातीला या उत्तेजनाचा वरकरणी काहीच परिणाम दिसत नव्हता. काही दिवसांनी मात्र त्याच तीव्रतेच्या उत्तेजनाने तेच उंदीर आकडी येऊन पडू लागले. उत्तेजन वाढवलेले नव्हते, बदलला होता तो मेंदू. गोडार्ड यांनी हे निरीक्षण १९६७ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९६९ मध्ये मॅकिन्टायर व लीच या सहकाऱ्यांसह त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. त्या अभ्यासात त्यांनी शंका घेणाऱ्यांचे मार्ग पद्धतशीरपणे बंद केले. केवळ इलेक्ट्रोड बसवून ठेवल्याने हा परिणाम होत नव्हता, त्या जागी इजा केल्यानेही होत नव्हता. वारंवार उत्तेजन मिळणे हीच आवश्यक अट होती. शिवाय उत्तेजनांमधील अंतरालाही महत्त्व होते. दिवसातून एकदा दिलेले उत्तेजन परिणामकारक ठरे, तर काही मिनिटांच्या अंतराने लागोपाठ दिलेल्या उत्तेजनांचा प्रभाव फारच कमी पडे. मध्ये कित्येक आठवडे काहीही न करता पुन्हा उत्तेजन दिले, तर जनावराला जवळजवळ लगेच आकडी येई. मेंदूने मिळवलेली ही प्रवृत्ती विश्रांतीने पुसली जात नव्हती.

येथे डॉक्टरांनी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली, जी पुष्कळशा लोकप्रिय लेखनात सुटून जाते. किंडलिंग घडवण्यासाठी नुसते उत्तेजन पुरत नाही. उत्तेजन थांबल्यानंतरही त्या भागातील पेशी काही सेकंद एकसुरात विजेचे स्फोट करत राहिल्या पाहिजेत. याला आफ्टरडिस्चार्ज म्हणतात, आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विजेच्या आलेखावर, तो स्पष्ट दिसतो. आफ्टरडिस्चार्ज निर्माण करण्याइतके उत्तेजन नसेल, तर पुढचे सगळे चक्र सहसा सुरूच होत नाही. तो निर्माण होत राहिला, तर दर खेपेस तो अधिक लांबतो, मेंदूच्या इतर भागांत पसरतो आणि तो उद्दीपित करण्यासाठी लागणारी किमान तीव्रता, म्हणजेच उंबरठा, खाली येतो. १९७२ मध्ये रॉनल्ड रेसीन यांनी या वाढीचे पाच टप्पे ठरवून दिले, आणि आजही प्रयोगशाळांत तीच मोजपट्टी वापरली जाते. आधी तोंडाच्या हालचाली, मग मानेचे हिसके, मग उत्तेजनाच्या विरुद्ध बाजूच्या पुढच्या पायाचे झटके, मग दोन्ही पुढच्या पायांच्या झटक्यांसह मागच्या पायांवर उभे राहणे आणि शेवटी तोल जाऊन पडणे. अमिग्डालामध्ये इलेक्ट्रोड असलेला उंदीर साधारणपणे दहा ते पंधरा दैनिक उत्तेजनांत पाचव्या टप्प्याला पोहोचतो. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातून तीच वाट बरीच लांब पडते.

आरटीएमएसमध्ये मुख्यतः मेंदूच्या बाह्यकाला, म्हणजे वरच्या थराला, स्पंद मिळतात. गोडार्ड यांच्या प्रयोगांत बाह्यकाच्या बहुतेक भागांनी दाद दिली नव्हती. नंतरच्या संशोधकांनी बाह्यकातूनही किंडलिंग घडवून दाखवले, परंतु त्याची चाल वेगळी आणि संथ आहे. डॉक्टरांनी या भेदाचा उल्लेख केला, पण तो ओझरता. मला तो अधिक ठामपणे सांगितला जायला हवा होता, कारण ताईच्या मनातील चित्र असे होते की यंत्राची वीज थेट मेंदूच्या गाभ्यात शिरते. प्रत्यक्षात या उपचाराच्या नेहमीच्या आठच्या आकाराच्या कॉइलचा प्रभाव डोक्याच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या पलीकडे झपाट्याने ओसरतो, आणि अमिग्डाला त्याहून बरीच खोल असते.

प्राण्यांच्या जातींमधील फरकही येथे निर्णायक आहे. व्हँकुव्हरमधील जून वाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरे आणि माकडे यांवर हेच प्रयोग केले. मांजरांत किंडलिंग झाले. ऱ्हीसस माकडांनी मात्र बराच काळ दाद दिली नाही आणि त्यांच्यातील आकडी पहिल्या काही टप्प्यांपुढे सहजासहजी सरकली नाही. सेनेगलमधील बबून या बाबतीत अधिक संवेदनशील ठरले. म्हणजे उत्क्रांतीच्या शिडीवर वर गेल्यावर ही प्रवृत्ती नाहीशी होते असेही म्हणता येत नाही आणि उंदरातील निष्कर्ष तसाच्या तसा माणसावर बसवता येतो असेही म्हणता येत नाही. आणखी एक बारकावा असा की, किंडलिंग पूर्ण झालेल्या उंदरालाही बहुधा उत्तेजन दिल्यावरच आकडी येते. आपोआप आकड्या येऊ लागायच्या असतील तर उत्तेजने पुढे शेकड्यांच्या घरात चालू ठेवावी लागतात. "प्रवृत्ती" आणि "आजार" यांच्यात इतके अंतर असते, आणि रुग्णाच्या घरच्यांना हे अंतर कोणी तरी मोजून दाखवले पाहिजे.

पेशींच्या पातळीवर काय घडते, याचे उत्तर एका वाक्यात बसत नाही. ग्लुटामेट या रसायनाला प्रतिसाद देणारे एनएमडीए ग्राही अडवले तर किंडलिंगची वाढ मंदावते; वारंवार वापरलेल्या चेतासंधी, म्हणजे मेंदूपेशींमधील जोड, बळकट होण्याच्या ज्या प्रक्रियेला स्मृतीचा आधार मानले जाते, तिच्याशी हे मिळतेजुळते आहे. बीडीएनएफ या वृद्धिकारक प्रथिनाचा ग्राही, टीआरके-बी, जनुकीय पद्धतीने काढून टाकलेल्या उंदरांत किंडलिंग घडतच नाही, असे ड्यूक विद्यापीठातील मॅक्नामारा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. हिप्पोकॅम्पसमधील काही पेशींचे तंतू नव्या, अयोग्य ठिकाणी जोडले जातात, आणि उत्तेजनांची संख्या फार वाढली तर इतर पेशींना आवर घालणाऱ्या निरोधक पेशींची काही हानीही होते. नॉरअॅड्रेनलिन कमी केलेल्या मेंदूत ही सगळी प्रक्रिया वेगाने होते, म्हणजे त्या रसायनाचा एक प्रकारचा लगाम असतो. डॉक्टरांनी यांतील एनएमडीएपुरतेच सांगितले आणि ते योग्यच केले. अर्ध्या तासाच्या समुपदेशनात टीआरके-बी कोणाच्या उपयोगाचे नाही. मी ते येथे लिहिले, कारण हा बदल काल्पनिक नाही आणि त्याला रेणूंच्या पातळीवर पत्ता आहे, हे वाचकाला कळावे.

आम्ही प्रयोगशाळेत विजेऐवजी पेंटिलिनटेट्राझोल वापरत असू. आकडी येणार नाही इतक्या मात्रेत, साधारणपणे उंदराच्या वजनाच्या प्रति किलोला ३५ मिलिग्रॅम, एक दिवसाआड हे रसायन दिले की काही आठवड्यांत तीच मात्रा पूर्ण आकडी आणते. भारतातील औषधशास्त्राच्या महाविद्यालयांत विद्युत किंडलिंगपेक्षा ही पद्धत अधिक वापरली जाते, कारण तिला मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज नसते. किंडलिंगचा व्यवहारातील सर्वांत ठळक लाभ औषधांच्या शोधात दिसतो. लेव्हेटिरासेटाम हे आज प्रत्येक न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर दिसणारे औषध जुन्या ठरावीक चाचण्यांत जवळजवळ निष्प्रभ ठरले होते आणि किंडल केलेल्या उंदरांत मात्र प्रभावी दिसले. अमेरिकेत त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. उलट फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही औषधे आलेली आकडी रोखतात, पण किंडलिंगची वाढ रोखण्यात सहसा कमी पडतात. माणसांतही याच्याशी जुळणारा पुरावा आहे. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांना फेनिटॉइन दिल्याने पहिल्या आठवड्यातील फिट्स कमी झाल्या, परंतु त्यानंतर सुरू होणाऱ्या अपस्माराला आळा बसला नाही, असा निष्कर्ष १९९०च्या एका मोठ्या अभ्यासात निघाला होता.

यानंतर खरा प्रश्न येतो: माणसाला किंडल करता येते का? लंडनचे विल्यम गावर्स यांनी १८८१ मध्येच असे मत मांडले होते की प्रत्येक फिट पुढच्या फिटची वाट सोपी करते. गोडार्ड यांचा शोध लागल्यावर अनेकांना त्या जुन्या मताला प्रयोगशाळेतून दुजोरा मिळाल्यासारखे वाटले. तसे असते, तर पहिल्या-दुसऱ्या फिटनंतर लगेच औषध सुरू केलेल्या रुग्णांचे भवितव्य उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा स्पष्टपणे उजळ दिसायला हवे होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश नेतृत्वाखालील मोठ्या चाचणीत तसे दिसले नाही. तातडीच्या औषधाने पहिल्या एक-दोन वर्षांतील फिट्स कमी झाल्या खऱ्या, पण तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या काळात फिटमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, ७६ आणि ७७ टक्के, होते. दुसरा पुरावा विद्युत आघात उपचाराचा. १९३८ पासून, रोममधील चेर्लेत्ती आणि बिनी यांच्या काळापासून, डॉक्टर हा उपचार करताना मुद्दाम पूर्ण आकडी आणत आले आहेत. किंडलिंग माणसात सहज घडत असते तर ते येथे सर्वांत आधी दिसले असते. प्रत्यक्षात या उपचाराच्या कोर्समध्ये आकडीचा उंबरठा खाली येण्याऐवजी वर जातो, आणि म्हणून पुढच्या सत्रांत मात्रा वाढवावी लागते. डॉक्टरांनी हा मुद्दा मांडला तेव्हा ताईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. माझ्या मते त्या संपूर्ण समुपदेशनातील हे सर्वांत नेमके विधान होते, आणि ते केंद्राच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असायला हवे.

याचा अर्थ आरटीएमएसमध्ये फिटचा धोका नाही असा नव्हे, आणि येथेच खिडकीवरचे "एकदम सेफ" हे उत्तर चुकते. उपचार चालू असताना फिट येणे हा या पद्धतीचा सर्वांत गंभीर ज्ञात दुष्परिणाम आहे. तो विरळा आहे, हजार रुग्णांमागे एकापेक्षाही कमी, आणि आलीच तर ती बहुधा उत्तेजनाच्या वेळी किंवा लगेच नंतर येते, थोड्या वेळात थांबते आणि तिच्यामुळे पुढे अपस्मार जडल्याचे सिद्ध झालेले नाही. शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये हे तंत्र आणले, त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अधिक तीव्र आणि अधिक जलद स्पंदमाला वापरताना काही निरोगी स्वयंसेवकांनाही फिट आल्या होत्या. त्यातूनच १९९८ मध्ये तीव्रता, वेग, स्पंदमालेची लांबी आणि मधली विश्रांती यांच्या मर्यादा लिखित स्वरूपात ठरल्या, आणि पुढे त्या सुधारण्यात आल्या. त्या पाळल्या की धोका इतका खाली येतो. म्हणून या सेवेचे परीक्षण करताना मी प्रामुख्याने एकच गोष्ट पाहिली: ते मर्यादा खरोखर पाळतात का?

बहुतांशी पाळतात. पहिल्याच भेटीत आधी कधी फिट आली होती का, घराण्यात कोणाला अपस्मार आहे का, डोक्याला मार, डोक्यात धातूची क्लिप, कानात बसवलेले श्रवणयंत्र, मद्यपान आणि चालू औषधे यांची सविस्तर प्रश्नावली भरून घेतली. भाच्याला एस्सिटालोप्राम या नैराश्यावरील औषधाच्या जोडीला दुसऱ्या एका डॉक्टरांनी बुप्रोपियॉन सुरू केले होते. ते आकडीचा उंबरठा खाली आणणारे औषध असल्यामुळे येथील डॉक्टरांनी त्याच्या मूळ डॉक्टरांशी फोनवर बोलून ते आधी कमी केले आणि मगच तारीख दिली. झोपेसाठी घेत असलेले क्लोनाझेपाम एकदम बंद करायचे नाही, अशी ताकीद त्यांनी स्वतःहून दिली. ती फार महत्त्वाची होती, कारण अशी औषधे अचानक थांबवल्यानेच फिट येऊ शकते. "आता मशीनच सगळं करणार ना?" असे म्हणून भाचा ते थांबवण्याच्या बेतात होता.

उपचाराची तीव्रता ठरवण्याची पद्धतही योग्य होती. डोक्याच्या ठरावीक जागी कॉइल ठेवून उजव्या हाताचा अंगठा दहांपैकी पाच वेळा हलेल इतकी किमान तीव्रता त्यांनी शोधली. तिला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. प्रत्येक माणसाचा हा आकडा वेगळा असतो आणि औषधे बदलली किंवा झोप बिघडली की तोही बदलू शकतो. नेहमीचा उपचार या आकड्याच्या १२० टक्के तीव्रतेने, कपाळाच्या वर डाव्या बाजूला, सेकंदाला १० स्पंद या गतीने होतो: चार सेकंद स्पंद, सव्वीस सेकंद विश्रांती, आणि असे करत साडेसदतीस मिनिटांत एकूण ३००० स्पंद. अमेरिकेत २००८ मध्ये नैराश्यासाठी मान्यता मिळाली ती याच पद्धतीला. केंद्रात तीन मिनिटांत ६०० स्पंद देणारी नवी, जलद पद्धतही आहे, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात ती जुन्या पद्धतीहून कमी ठरली नव्हती. आम्ही जुनी निवडली. त्यात शास्त्रापेक्षा ताईच्या मनाचे समाधान अधिक होते, आणि केंद्राने महागड्या किंवा स्वस्त पर्यायाकडे आम्हाला ढकलले नाही हे नोंदवले पाहिजे.

रोजची सत्रे घेणाऱ्या तंत्रज्ञ बाई या केंद्राची खरी जमेची बाजू आहेत. खुर्चीत बसण्याआधी त्या रोज तेच प्रश्न विचारत: काल रात्री किती झोपलास, दारू घेतलीस का, एखादी गोळी नवी सुरू झाली का किंवा चुकली का, काल घरी गेल्यावर काही वेगळे वाटले का. भाचा ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. त्याने एका सकाळी जागरण झाल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी स्वतः निर्णय न घेता डॉक्टरांना बोलावले आणि सत्र दुपारपर्यंत पुढे ढकलले. अपुरी झोप हे मेंदूला फिटकडे ढकलणाऱ्या साध्यासुध्या कारणांपैकी सर्वांत नेहमीचे कारण आहे. कानातील बोळे त्या स्वतः तपासत, कारण कॉइलचा टकटक आवाज रोज इतका वेळ कानाजवळ होत राहिला तर श्रवणशक्तीला अपाय होऊ शकतो. पहिल्या आठवड्यात कॉइलखालची कातडी दुखत असे, तेव्हा कॉइलचा कोन किंचित बदलून त्यांनी ती वेदना बरीच कमी केली.

त्या रजेवर गेल्या तेव्हा मात्र केंद्राची दुसरी बाजू दिसली. त्यांच्या जागी आलेल्या तरुणाने एकही प्रश्न न विचारता यंत्र सुरू केले. भाच्याने त्याला स्वतःहून झोपेबद्दल सांगितले तेव्हा "चालेल, चालेल" असे उत्तर मिळाले. काही बिघडले नाही, पण सुरक्षिततेचे प्रश्न एका कर्मचाऱ्याच्या स्वभावावर सोडलेले आहेत, हे त्यातून उघड झाले. रोजच्या सत्राच्या नोंदीत झोप, मद्य आणि औषधे यांचे तीन छापील रकाने असते आणि ते भरल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही असा नियम असता, तर तंत्रज्ञ कोणीही असो, प्रश्न विचारले गेलेच असते. आपत्कालीन औषधांची पेटी खोलीत होती, ऑक्सिजन होता, आणि फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, वेळ मोजायची आणि फिट पाच मिनिटांवर गेली तर औषध द्यायचे, या सूचना भिंतीवर मराठीत लावलेल्या होत्या. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, हेही त्यात होते. ते लिहिणाऱ्याला आपली माणसे ठाऊक असावीत.

माहितीपत्रक मात्र निराशाजनक आहे. चकचकीत कागदावर मेंदूची रंगीत चित्रे आहेत, "औषधांशिवाय मुक्ती" असे एक अतिशयोक्त वाक्य आहे, आणि फिटच्या धोक्याला मागच्या पानावर बारीक अक्षरांत अर्धी ओळ मिळाली आहे. वारंवार उत्तेजनाने मेंदू कायमचा बदलतो का, या प्रश्नाला त्यात जागाच नाही. मला ही उणीव दुहेरी वाटते, कारण हा उपचार कायमच्या बदलाचीच आशा दाखवतो. चेतासंधींमध्ये टिकाऊ फरक पडला तरच काही आठवड्यांच्या स्पंदांचा परिणाम पुढे काही महिने टिकेल. "चांगला बदल टिकतो, वाईट बदल घडूच शकत नाही" असे न सांगता, कोणत्या मात्रेला, कोणत्या भागात, कोणत्या अंतराने आणि आफ्टरडिस्चार्ज होतो की नाही यावर हे ठरते, असे दोन परिच्छेद छापले तर मुंबईतील सुशिक्षित रुग्णाला ते समजण्यासारखे आहेत. उंदरांच्या प्रयोगांतही सेकंदाला एक स्पंद अशा संथ उत्तेजनाने किंडलिंग मागे सरल्याचे निष्कर्ष मिळाले आहेत, आणि अपस्माराच्या रुग्णांत तशा संथ चुंबकीय स्पंदांचा अभ्यास चालू आहे. उत्तेजन या एकाच शब्दाखाली दोन विरुद्ध परिणाम मावतात, हे सांगण्यात केंद्राचे नुकसान काहीच नाही.

आर्थिक व्यवहाराबद्दल थोडक्यात. संपूर्ण कोर्सचे पैसे आगाऊ घेतले जातात आणि मध्येच थांबवल्यास किती परत मिळतील याचे लेखी उत्तर आम्हाला मागूनही मिळाले नाही. ज्या उपचारात फिट आली तर कोर्स थांबवावा लागू शकतो, तेथे परताव्याचा नियम संमतिपत्रातच असायला हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण द्यायचे आहे. तरीही रुग्ण दाखल न होता घेतलेल्या उपचाराच्या पावत्या पॉलिसीच्या अटींत अडकतात, आणि केंद्रातील विमा विभाग यात फारशी मदत करत नाही. आठवड्याचे पाच दिवस, मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो, हा प्रवास नैराश्य असलेल्या माणसाने एकट्याने करणे अवघड आहे. सोबत कोणी तरी लागते, आणि सोबत येणाऱ्याला बसायला जागा अपुरी आहे.

उपचाराचा गुण आला का, असे वाचक विचारतील. भाच्याच्या नैराश्याच्या मापनपट्टीवरील गुण कोर्सच्या शेवटी बरेच उतरले होते, तो पुन्हा नियमित जेवू लागला आहे आणि मामाशी क्रिकेटवर वाद घालण्याइतका मोकळा झाला आहे. त्याच काळात औषधांतही बदल झाल्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे, हे एका रुग्णावरून ठरवता येणार नाही. त्याला फिट आली नाही. ज्यांना आधी फिट येऊन गेली आहे, ज्यांच्या मेंदूत जुनी इजा आहे किंवा ज्यांचे मद्यपान अनियमितपणे चालू-बंद होत असते, त्यांनी या केंद्रात जाण्यापूर्वी न्यूरॉलॉजिस्टचे लेखी मत घ्यावे आणि ते पहिल्या भेटीतच डॉक्टरांपुढे ठेवावे. इतरांना मी हे केंद्र सुचवीन, मात्र दोन अटींवर: समुपदेशनाची वेळ स्वतंत्र मागून घ्यावी, आणि सत्राआधी कोणी झोपेबद्दल विचारले नाही तर खुर्चीत बसू नये. सकाळी ११ नंतरची वेळ मिळाली तर घ्यावी. त्या वेळी डॉक्टर त्याच मजल्यावर असतात, आठच्या सत्रांना ते केवळ फोनवर उपलब्ध असतात.